संस्थेचा संगणक (लेखांक ६) : सभासदांची नावं नव्या प्रणालीत नेताना

फॉक्सप्रोतल्या सभासद-नोंदींची प्रत मागच्या आठवड्यात काढून झाली. आता त्यातली नावं नव्या प्रणालीत न्यायची. जुन्या जिमखान्याच्या किंवा वाचनालयाच्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो जाऊ द्यावा. वर्गणीतली चूक पावती दाखवली की सुटते. पण वर्षानुवर्षांच्या सभासदाचं नाव ओळखपत्रावर चुकीचं छापलं गेलं, तर ते त्याला लागतं.

मराठी नावं कशी साठवली आहेत, हे आधी शोधावं. डॉसच्या काळात जिस्ट कार्ड लावून टंकलेली असतील, तर ती बहुधा इस्की संकेतात असतात. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्याच मांडणीवर बेतलेला असल्यामुळे बहुतेक अक्षरं सरळ जागेवर बसतात. खरी मेहनत आहे ती त्यानंतरच्या, विंडोजवरच्या नोंदींची. श्रीलिपीसारख्या फॉन्टमधल्या मजकुरात अक्षरांचे दिसणारे आकार साठवलेले असतात. ‘विनायक’ लिहिताना तिथे आधी वेलांटी येते, मग व; युनिकोडमध्ये आधी व, मग वेलांटी. रफाराचं उलट. ‘कर्वे’मधला रफार फॉन्टमध्ये ‘वे’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘व’च्या आधी. त्यामुळेच जुन्या यादीत विनायक, शिवाजी आणि निर्मला एका ठिकाणी गोळा झालेले दिसले, तर नोंदी अशा फॉन्टमधल्या आहेत हे ओळखावं.

प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, म्हणून फॉन्टचं नेमकं नाव कळल्याशिवाय रूपांतराला हात लावू नये. रूपांतरानंतर गोऱ्हे, कऱ्हाडे, बऱ्हाटे ही आडनावं आधी तपासा. त्यातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका प्रकारे शोधलं तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं नाव सापडेलच असं नाही. एक प्रकार ठरवून सगळी नावं त्यात आणावीत.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकतात. फॉक्सप्रोत पुसलेली नोंद लगेच जात नाही. ‘पॅक’ आज्ञा देईपर्यंत ती खुणेसह फाइलीतच राहते. म्हणून दिवंगत किंवा राजीनामा दिलेले सभासद नव्या यादीत अचानक हजर होऊ शकतात. सभासद क्रमांक मजकूर म्हणूनच न्यावा, नाहीतर एक्सेल ००४५७ चं ४५७ करून टाकतं. जन्मसाल दोनच अंकी असेल तर जास्त जपा: एक्सेल नेहमीच्या मांडणीत २८ चा अर्थ २०२८ घेतं, आणि १९२८ साली जन्मलेल्या आजोबांची ज्येष्ठ सभासदाची सवलत जाते.

शेवटी पूर्ण यादी कागदावर छापावी आणि वर्गणी गोळा करणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यांसमोर ठेवावी. ‘हे साठे नव्हेत, साठये’ हे त्यांनाच कळतं. त्यांच्या दुरुस्त्या चढल्या की मगच जुनी प्रणाली बंद करायचा विचार करावा.

पुढच्या आठवड्यात : थकबाकीच्या नोंदी.