शिट्ट्या नव्हे, मिनिटे मोजा

मागच्या लेखांकात तुरीची डाळ निवडून, धुऊन भिजत पडली होती. आता ती कुकरात जाते. वरणाची कृती कुणालाही विचारा. वाटीभर डाळ, अडीच-तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग, तेलाचे दोन थेंब, इथवर सगळ्यांचे एकमत असते. पुढे मात्र घरागणिक उत्तर बदलते. कुणी तीन शिट्ट्या सांगते, कुणी पाच, कुणी ‘मोठ्या गॅसवर दोन आणि मग बारीक करून एक’. एकाच डाळीच्या बाबतीत आकडे इतके निराळे असावेत आणि तरी प्रत्येक घरचे वरण शिजावे, याचा अर्थ उघड आहे. शिट्ट्यांचा आकडा शिजण्याबद्दल फारसे काही सांगतच नाही. डाळ शिजते ती तापमान आणि वेळ यांच्यामुळे. त्यातले तापमान कुकर सांभाळतो. वेळ आपण सांभाळायचा असतो, आणि नेमके तेच काम आपण शिट्टीवर सोपवले आहे. ते तिचे काम नाही, हे आज सविस्तर मांडायचे आहे.

शिट्टी म्हणजे वाफेच्या नळीवर बसवलेले एक वजन. कुकरातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढला की आतली वाफ हे वजन उचलते, फुसकन बाहेर पडते, दाब किंचित उतरतो आणि वजन पुन्हा जागेवर बसते. एवढ्या दाबाला समुद्रसपाटीवर पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. उघड्या पातेल्यात ते मुंबईत १०० अंशांना, पुण्यात ९८ च्या आसपास आणि लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावी ८८ च्या आसपास उकळते. पदार्थ मऊ होण्याचा वेग ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो असे धरले, तर वीस अंशांच्या फरकाने तो चौपट होतो. पातेल्यात पाऊण तास रटरटणारी तूर कुकरात दहा-बारा मिनिटांत शिजते ती यामुळे. आता महत्त्वाचा मुद्दा असा, की एकदा शिट्टीचे वजन उचलले जाऊ लागले की आतले तापमान त्यापुढे वाढत नाही. गॅस कितीही मोठा ठेवा, जादा उष्णतेची वाफ होते आणि ती नळीतून निघून जाते. म्हणजे दोन शिट्ट्यांमधले अंतर ठरते ते ज्योतीवर, कुकरच्या आकारावर, त्यातल्या पाण्यावर आणि रबरी रिंग किती घट्ट बसली आहे त्यावर. डाळीचा त्यात काही संबंध नाही. मोठ्या ज्योतीवर अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक शिट्टी होते, बारीक ज्योतीवर एकीसाठी चार-पाच मिनिटेही थांबावे लागते. मग ‘तीन शिट्ट्या’ म्हणजे दोन मिनिटे की बारा? दोन्ही अर्थ बरोबर असू शकतात, आणि ज्या मापाचे असे दोन अर्थ निघतात ते माप म्हणून निरुपयोगी आहे.

कुकरच्या जन्मकथेतही वेळेला मोठे स्थान आहे. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले दाबाचे भांडे मांडले. त्यात त्याने हाडेसुद्धा मऊ करून दाखवली. भांडे फुटू नये म्हणून वजनाने दाबून धरलेली सुरक्षा झडपही त्याचीच. आत उष्णता किती झाली हे कळण्यासाठी तो झाकणावरच्या खळग्यात पाण्याचा थेंब टाकी आणि तो किती सेकंदांत आटतो हे लंबकाच्या झोक्यांवर मोजी. घरगुती तापमापक हाताशी नसलेल्या काळातला हा माणूस घड्याळाचा आधार घेत होता. आपल्याकडे कुकर घराघरांत शिरू लागले ते १९५९ नंतर, हॉकिन्स आणि प्रेस्टिज यांचे उत्पादन भारतात सुरू झाल्यावर. त्यांच्यासोबत मिळणारी पुस्तिका बहुतेक घरांत कधी उघडली जात नाही. ती उघडली तर पद्धत साधी दिसते: मोठ्या आचेवर पूर्ण दाब येऊ द्या, मग आच कमी करा आणि अमुक मिनिटे शिजवा. युरोपातल्या बऱ्याच कुकरांना शिट्टीच नसते. त्यांच्या झडपेतून वाफ मुकाट सुटत राहते, आणि तिथल्या पाककृतींत मिनिटेच लिहिलेली असतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत विजेचे इन्स्टंट पॉट आले तेव्हा हा प्रश्न अचानक उभा राहिला. आईने फोनवर सांगितलेल्या चार शिट्ट्या त्या यंत्रात कशा बसवायच्या? त्याला सरळ उत्तर नाही. आईच्या स्वयंपाकघरातले गॅसचे बर्नर आणि तिचा तीन लिटरचा कुकर सोबत नेल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच उरत नाही. त्याच आईने ‘दाब आल्यावर सात मिनिटे’ म्हटले असते, तर यंत्राच्या किंचित कमी दाबासाठी दोन-तीन मिनिटे वाढवून काम झाले असते.

वेळ कशासाठी हवा, हे डाळीच्या दाण्याकडे बघितले की कळते. तुरीची डाळ पेशींची बनलेली असते आणि या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटवलेल्या असतात. पेशींच्या आतला स्टार्च ६५-७५ अंशांना फुगतो, ते लवकर उरकते. पेक्टिन विरघळून पेशी सुट्या व्हायला मात्र खरा वेळ लागतो, आणि वरण घोटताना रवीखाली डाळ एकजीव होते ती या सुट्या झालेल्या पेशींमुळे. पेक्टिनला घट्ट करणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम: दख्खनच्या विहिरींचे आणि बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांना डाळ ‘शिजता शिजत नाही’ याचा अनुभव असतो. दुसरी, आंबटपणा: आमटीत चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावर घालायचा ही आपली जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे, कारण आंबट पाण्यात पेक्टिन लवकर सुटत नाही. तिसरी, डाळीचे वय. उष्ण-दमट जागी महिनोन् महिने पडून राहिलेल्या डाळीतले फायटिक आम्ल विघटित होते, त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम मोकळे होते आणि पेक्टिनला जाऊन मिळते. अशी डाळ कितीही फुगली तरी मध्ये दाणा टणक लागतो. यातल्या एकाही गोष्टीची शिट्टीला दखल घेता येत नाही. जुनी डाळ असो की नवी, शिट्टी तेवढ्याच वेळाने वाजणार. चिमूटभर सोडा घातला तर पेक्टिन झटकन सुटते हे खरे, पण सोड्याने डाळीतले ब-१ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात नष्ट होते. तीन-चार मिनिटे जास्त शिजवणे हा त्यापेक्षा कितीतरी चांगला उपाय आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ आणि वजनदार: पिढ्यानपिढ्या नाही, तरी साठ वर्षे आपण शिट्ट्या मोजतो आहोत आणि डाळ शिजते आहे, मग बिघडले कुठे? शिजते, याचे कारण असे की एका घरात कुकर तोच, शेगडी तीच, डाळीचे प्रमाण तेच आणि गॅसची चावी वळवणारा हातही तोच असतो. इतके सगळे स्थिर असले की शिट्ट्यांचा आकडा त्या घरापुरता मिनिटांचा चांगला प्रतिनिधी ठरतो. तेवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. शिवाय तुरीची डाळ फार क्षमाशील असते. वरणासाठी ती घोटायचीच असते, त्यामुळे पाच मिनिटे जास्त शिजली तरी ताटात काही कळत नाही. चूक उघडी पडते ती मटकी-मुगाच्या उसळीत. मोड आलेली मटकी मोठ्या आचेवरच्या दोन शिट्ट्यांत नीट होते, आणि त्याच दोन शिट्ट्या बारीक आचेवर घेतल्या की तिचा गाळ होतो. घर बदलले, गॅसऐवजी इंडक्शन आले, दोघांऐवजी दहा जणांचा कुकर लावला, की जुना आकडा दगा देतो. आणि मग त्यावर आपला नेहमीचा इलाज असतो: अजून दोन शिट्ट्या.

या जादा शिट्ट्यांची किंमत इंधनात मोजावी लागते. एक ग्रॅम पाणी २७ अंशांपासून १०० पर्यंत तापवायला ७३ कॅलरी लागतात. तेच एक ग्रॅम पाणी १०० अंशांना वाफ करायला सुमारे ५४० लागतात, म्हणजे सातपटीहून अधिक. प्रत्येक शिट्टीबरोबर ही वाफेत साठलेली उष्णता खिडकीतून बाहेर जाते. मोठ्या आचेवर सतत शिट्ट्या वाजवणारा कुकर डाळ जराही लवकर शिजवत नाही, फक्त स्वयंपाकघर तापवतो. पूर्ण दाब आल्यावर ज्योत एवढीच ठेवावी की शिट्टीच्या बुडाशी हलकी सुरसुर ऐकू येत राहील. ती सुरसुर आहे तोवर आत १२० अंश आहेत याची खात्री बाळगावी. बारीक आचेवर डाळ कच्ची राहील ही भीती निराधार आहे. कच्ची राहते ती वेळ कमी पडल्याने.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. शिट्टी दुसऱ्या खोलीतही ऐकू येते, घड्याळाकडे मात्र लक्ष ठेवावे लागते, आणि सकाळच्या घाईत डबे भरणाऱ्या बाईला हे आणखी एक ओझे कशाला? हा आक्षेप मला खरा वाटतो, म्हणून शिट्टीला हद्दपार करा असे मी म्हणत नाही. तिचा उपयोग सूचना म्हणून करावा. पहिली शिट्टी म्हणजे दाब आला, ज्योत बारीक करा आणि तिथून वेळ धरा. मिनिटांची आठवण करायला आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. त्यातही एक बारकावा आहे. नळीतून वाफ सरळ, जोरात येऊ लागल्यावरच शिट्टी बसवावी. आधीच बसवली तर आत हवा अडकते. हवा-वाफेच्या मिश्रणाचा दाब पुरेसा भरतो, पण तापमान कमी असते, आणि पहिली शिट्टी बरीचशी त्या हवेचीच असते.

सुरक्षेचा मुद्दा मात्र सोयीपेक्षा मोठा आहे. डाळ फेसाळते. मोठ्या आचेवर शिट्टी वाजताच दाब एकदम उतरतो, आतले पाणी उसळते आणि फेस नळीकडे धावतो. झाकणावर, शेगडीवर आणि मागच्या फरशीवर उडालेले पिवळे शिंतोडे हे त्याचेच. त्याच फेसाबरोबर डाळीची एखादी साल नळीच्या तोंडाशी जाऊन वाळते. झाकण उलटे करून उजेडासमोर धरले, तर वाळलेल्या पिठाचा पापुद्रा नळीच्या आतल्या कडेला चिकटलेला दिसतो. नळी अशी अर्धी बुजली की शिट्टी उशिरा वाजते, पूर्ण बुजली की वाजतच नाही. आणि आकड्याची वाट बघणारा माणूस तेव्हा काय करतो? तो थांबून राहतो, नाहीतर गॅस वाढवतो. घड्याळ बघणाऱ्याच्या लक्षात येते की सात-आठ मिनिटे झाली तरी दाब आला नाही, आणि तो गॅस बंद करतो. शेवटचा आधार झाकणातल्या सुरक्षा झडपेचा असतो. तिच्यातला कमी तापमानाला वितळणारा धातू वितळून वाफेला वाट देतो, पण तिथवर वेळ येऊ देऊ नये. डाळ थेट कुकरात शिजवताना डाळ-पाणी मिळून कुकर निम्म्याच्या खालीच राहावा. तेलाचे दोन थेंब फेस आवरतात, म्हणून ते विसरू नयेत.

आता प्रत्यक्ष वेळा. अर्धा तास भिजलेली तूर थेट कुकरात असेल तर पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर सहा ते आठ मिनिटे पुरतात. आपल्याकडे बहुधा डब्यांचा कुकर लागतो: तळाला पाणी आणि जाळी, खालच्या डब्यात डाळ, वर भात. डब्यातल्या डाळीला उष्णता वाफेतून भांड्याच्या भिंतीमार्फत पोचते, म्हणून तिला दहा-बारा मिनिटे द्यावीत. भाताला एवढा वेळ लागत नाही. डाळ भिजवून आणि तांदूळ नुसता धुऊन लावला की दोघांची वेळ जुळायला मदत होते. बोअरचे पाणी किंवा जुनी डाळ असेल तर तीन-चार मिनिटे वाढवावीत. गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप पडू द्यावा, शिट्टी चिमट्याने उचलून वाफ सोडू नये. दाब उतरेपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांत डाळ शिजतच असते, आणि ती मिनिटे वरच्या हिशेबात धरलेली आहेत.

तुमच्या घरातला आकडा माझ्या आकड्यापेक्षा एक-दोन मिनिटांनी वेगळा निघेल. तो एकदा शोधावा, कुकरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा आणि मुलीला, सुनेला किंवा परगावी निघालेल्या मुलाला कृती सांगताना शिट्ट्यांऐवजी तोच सांगावा. पुढच्या आठवड्यात ही शिजलेली डाळ घोटून फोडणीकडे जाऊ. तोवर झाकण उलटे करून नळी तेवढी तपासून ठेवा.