अतिवार्धक्यातील स्मृतिभ्रंश आणि बोलीचा प्रश्न

नव्वदीच्या घरातील काही व्यक्तींच्या बोलण्यातून प्रथम विशेषनामे व वस्तुनामे लोपतात, त्यांची जागा 'ते', 'तिकडचे' अशी सर्वनामे घेतात, आणि पुढे वाक्येच अर्धी राहतात. लोकव्यवहारात यास 'म्हातारचळ' म्हणतात व तो वयाचाच धर्म मानतात. मेंदूविज्ञानाने ही समजूत खोडून काढली आहे. मात्र तिच्या जागी आलेले उत्तर दिसते तितके सरळ नाही.

अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथे एका रुग्णेच्या मेंदूचे निरीक्षण मांडले. त्यात दोन विकृती आढळल्या होत्या. मज्जापेशींच्या बाहेर साचणारे पुंज हे बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात. पेशींच्या आत होणारा तंतूंचा गुंता टाऊ या प्रथिनाचा असतो. ब्राक दांपत्याने १९९१ साली दाखविले की, हा गुंता स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पसच्या लगतच्या भागात आरंभ पावतो आणि मग मेंदूच्या बाह्यकाकडे पसरतो. नवी घटना आधी विसरावी आणि शब्द मागाहून हरपावेत, हा क्रम त्यावरून उलगडतो.

परंतु अल्झायमर यांची रुग्णा अवघी पन्नाशीची होती. अतिवृद्धांच्या बाबतीत हा कार्यकारणभाव सैल पडतो. ब्रिटनमधील ४५६ मृत व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी २००९ साली प्रसिद्ध झाली. पुंज आणि स्मृतिभ्रंश यांचा जो निकट संबंध पंचाहत्तरीच्या सुमारास दिसतो, तो पंचाण्णवाव्या वर्षी बराच क्षीण झालेला होता. बाह्यकाच्या संकोचाचा संबंध मात्र टिकून होता. याचे एक कारण असे की, या वयात विकृती एकेकटी राहत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडून झालेल्या इजा, ल्युई-पिंड, तसेच टीडीपी-४३ या प्रथिनाचा संचय यांची तीत भर पडते. यांपैकी शेवटच्या विकृतीस स्वतंत्र नाव मिळाले ते २०१९ साली.

उलट, मेंदूत पुंज असूनही काहींची बुद्धी शाबूत राहते. याच्या स्पष्टीकरणार्थ 'बौद्धिक राखीव शक्ती'ची कल्पना पुढे आली, आणि येथे भाषेचा संबंध येतो. १९९६ च्या अमेरिकेतील अभ्यासात ज्या जोगिणींच्या तरुणपणीच्या आत्मवृत्तांत विचारघनता कमी होती, त्यांच्यात वार्धक्यात स्मृतिभ्रंश अधिक आढळला. मात्र अल्प विचारघनता हे कारण, की रोगाचीच अतिपूर्व छाया, याचा निवाडा या एका अभ्यासाने होत नाही. हैदराबाद येथे ६४८ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) द्विभाषिकांत लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. हा फरक निरक्षरांतही होता. दीर्घकालीन पाहण्यांनी त्यास सर्वत्र पुष्टी दिली नसली, तरी प्रश्न विचारार्ह खासच आहे.

जळगाव-धुळे परिसरात तो विशेष अगत्याचा ठरतो. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात (१९०७) खानदेशी ही मराठीच्या खंडात नसून भिल्ली भाषांसमवेत आहे. घरी अहिराणी आणि शाळा-कचेरीत प्रमाण मराठी, अशी येथील असंख्य वृद्धांची रीत आहे. अशा वृद्धेस मुलीचे चित्र दाखविले असता तिने 'आंडेर' म्हटले, किंवा 'आहे'ऐवजी 'शे' वापरले, तर ती चूक नव्हे. ती तिची भाषाच होय. प्रमाण मराठीची कसोटी मात्र तीस ऱ्हास समजेल. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांसाठी हिंदी कसोटी मुद्दाम नव्याने रचावी लागली (१९९५), ती याच जातीच्या अडचणीमुळे. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) याच भूमीतील. तेव्हा निरक्षरता म्हणजे भाषादारिद्र्य नव्हे, हे येथे वेगळे सिद्ध करावयास नको.

२०२३ च्या अंदाजानुसार भारतातील साठीवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे, व त्याचे प्रमाण ग्रामीण भागात आणि स्त्रियांत अधिक आहे. ज्यांची गणना करावयाची, त्यांच्याच बोलीत त्यांना प्रश्न विचारले नाहीत, तर निरोगी व्यक्ती रुग्ण ठरेल आणि रुग्णाचे दुखणे 'अडाणीपणा'त झाकले जाईल. मेंदूतील विकृती शोधणे हे वैद्यकाचे काम. तिची भाषेतील खूण बोलीभेदापासून निराळी करणे, हे भाषाविज्ञानाचे.