गळू आणि गजकर्ण

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो. भाताच्या लावणीच्या दिवसांत लहानथोर सारेच तासन्‌तास चिखलात उभे असतात. कपडे अंगावरच भिजतात आणि अंगावरच वाळतात. अशा ओलाव्यात त्वचेचे रोग बळावतात. त्यातून बारा-तेरा वर्षांच्या वयापासून घामही अधिक येऊ लागतो.

या रोगांचे कारण मात्र एकच नसते. काही रोग जीवाणूंमुळे होतात, तर काही बुरशीमुळे. दोघांची चाल निरनिराळी असते.

जीवाणू खरचटलेल्या जागेतून किंवा केसाच्या मुळातून आत शिरतात. थोड्याच दिवसांत ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते व ठणकू लागते. पुढे तिच्यात पू होतो. गळू व केसतूड हे असे रोग होत. नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाची खपली धरते, तीही बहुधा जीवाणूंमुळेच.

बुरशी सावकाश पसरते. गजकर्णात ठणका नसतो, खाज असते. चट्टा कड्यासारखा गोल वाढतो; त्याची कड उंच व खवलेदार असते आणि मध्यभाग निवळलेला दिसतो. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून भेगाळते, त्या चिखल्याही बहुधा बुरशीच्याच.

रोग निराळे, म्हणून औषधेही निराळी. पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. हे औषध मुळात एका बुरशीपासून मिळते. ते जीवाणूंना मारते, पण गजकर्णावर त्याचा उपयोग नाही. पुढे त्याच कारखान्यातील शास्त्रज्ञांनी एका जीवाणूपासून बुरशीनाशक ‘हॅमायसिन’ शोधून काढले. त्या जीवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे.

म्हणून दुसऱ्याचे मलम मागून लावू नये. स्टेरॉइड असलेल्या मलमाने खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते व चट्ट्याचे रूप बदलल्याने रोग ओळखणे कठीण होते. खाजवून फाटलेल्या कातडीत जीवाणूही शिरतात. तेव्हा अंतिम निदान डॉक्टरांनीच करावे. गळू पिळू नये. ताप आल्यास किंवा सूज पसरल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. शेतातून आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात, आणि पंचा प्रत्येकाचा वेगळा असावा.