दान देण्याआधी खात्यावरचं नाव वाचा

लेखमाला : पैसा आणि आपण (भाग ११)

मार्च २०२०च्या अखेरीस 'पीएम केअर्स' निधी जाहीर झाला आणि लगोलग दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेला त्याच्या नावाचा एक बनावट यूपीआय आयडी बंद करायला लावावा लागला. खऱ्या आयडीत 'केअर्स' होतं, खोट्यात 'केअर'. शेवटचा 'एस' तेवढा गाळलेला, पुढे बँकेचं नाव तेच. टाळेबंदीत घरी अडकलेल्या, आपणही काहीतरी करावं म्हणून तळमळणाऱ्या माणसाच्या नजरेतून एक अक्षर सहज निसटतं. मागच्या आठवड्यात आपण विम्याच्या नावानं येणारे फोन पाहिले. तिथे भामटा आपल्या लोभावर नाहीतर भीतीवर खेळतो. इथे तो आपल्या चांगुलपणावर खेळतो, म्हणून मला हा प्रकार अधिक नीच वाटतो.

त्याचं सगळं भांडवल म्हणजे आपली घाई. टीव्हीवर बुडालेली घरं दिसत असतात आणि मोबाइलवर क्यूआर कोड येऊन पडतो. तो कोणी काढला हे पाठवणाऱ्या मावसभावालाही ठाऊक नसतं. त्याच्याकडेही तो सोसायटीच्या ग्रुपवरूनच आलेला असतो. असा फिरत आलेला कोड स्कॅन करायचाच नाही. संस्थेचं किंवा मुख्यमंत्री सहायता निधीचं अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडायचं आणि तिथला खाते क्रमांक घ्यायचा. पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, ते शांतपणे वाचा. आवाहन संस्थेचं आणि नाव कुणा व्यक्तीचं, असं दिसलं तर तिथूनच मागे फिरा. फसलातच तर लाजू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी.

महाराष्ट्रात नोंदलेल्या न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक असतो आणि पावतीवर तो छापलेला असायला हवा. चौकात डबा फिरवणारं मंडळ असेल तर गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी घेतात ती कलम ४१ क खालची परवानगी घेतली आहे का, हे विचारा. त्यात अपमान कुणाचाच नाही. प्रामाणिक कार्यकर्ता कागद आनंदानं दाखवतो. ८०जीची करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोख देऊ नका. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मिळत नाही.

खातं खरं निघालं, तरी घाई दुसऱ्या वाटेनं नुकसान करतेच. २००४च्या त्सुनामीनंतर नागपट्टणममध्ये रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. ते पाठवणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्या चिपळूणकरांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पाणी ओसरलं आणि मागे राहिला तो चिखल : ओट्यावर, कपाटात, फ्रीजच्या आत, दुकानातल्या मालावर. अशा वेळी हवी असतात फावडी, घमेली, गमबूट, ब्लीचिंग पावडर आणि चिखल ओढायला माणसं. गाठोड्यातून आलेली वापरलेली साडी त्या घरातल्या बाईनं धुवायची कुठे आणि वाळत घालायची कुठे? तेच पैसे तिथे काम करणाऱ्या संस्थेकडे पोचले, तर घाटापलीकडच्या कराडहून दुसऱ्या दिवशी हवं ते आणता येतं. वस्तूच द्यायच्या असतील तर आधी विचारा, मागितलेलीच द्या आणि नवी द्या.

परदेशातल्या वाचकांसाठी एक सूचना. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकेमार्गे दिलेले पैसे विदेशी देणगीत मोडत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे मात्र मोडतात, ओसीआय कार्ड असलं तरीही. ते स्वीकारायला संस्थेकडे एफसीआरए परवानगी आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरावीक खातं लागतं. हे न विचारता पैसे धाडले, तर चांगली संस्था नाहक अडचणीत येते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ट्रक आले, तंबू लागले, आणि हळूहळू बातम्या ओसरल्या. पण ज्ञान प्रबोधिनी ही संस्था त्याच भागातल्या हराळीत राहिली आणि तिथे शाळा उभी झाली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. अशा कामाला पैसा लागतो तो वर्षानुवर्षं, आणि नेमका तेव्हाच तो आटलेला असतो.

म्हणून माझा आग्रह असा, की जी रक्कम द्यायची ठरवलीत तिच्यातला तिसरा हिस्सा आज द्या आणि बाकीची बाजूला ठेवा. श्रावणातला पूर दिवाळीपर्यंत वर्तमानपत्रातून नाहीसा होतो. दिवाळी झाली की त्या संस्थेला फोन लावा. मुलांची दप्तरं आली का? विहिरींतला गाळ निघाला का? रब्बीच्या बियाण्याचं काय झालं? पलीकडचा माणूस गावांची नावं घेऊन बोलला, कुठे काम अडलंय तेही सांगू लागला, तर राहिलेले पैसे त्याच दिवशी पाठवा.