हार्ड डिस्कची नाडी वेळीच तपासा

लग्नाचे फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, प्राप्तिकराची कागदपत्रे... पूर्वी ट्रंकेत आणि कपाटात राहणारी ही ठेव आता अनेक घरांत संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये असते. कपाटाला लागलेली वाळवी डोळ्यांना दिसते. डिस्क खराब होऊ लागल्याचे मात्र बहुधा फाइल उघडेनाशी झाल्यावरच कळते.

हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. घरगुती संगणकात त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. माहिती वाचणारे हेड त्यांच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. चालू संगणकाला धक्का बसला तर हेड तबकडीवर घासू शकते. अचानक वीज गेली तर फायलींची नोंद अर्धवट राहते.

म्हणजेच बिघाड दोन प्रकारचा. नोंदींचा घोळ दुरुस्त होतो. तबकडीची इजा भरून येत नाही.

लक्षणे ओळखा

फाइल उघडायला नेहमीपेक्षा फार वेळ लागणे, संगणक मध्येच अडकून बसणे, फोल्डर नाहीसे होणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर संगणक ताबडतोब बंद करा. अशा वेळी घरी तपासणीही करू नका, जाणकाराकडे न्या.

आधी प्रत, मग तपासणी

आवाज नसेल, तर प्रथम महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. संपूर्ण तपासणीत डिस्कचा कानाकोपरा वाचला जातो. थकलेल्या डिस्कला तो ताण सोसत नाही.

विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘टूल्स’ आणि तेथे ‘चेक’ निवडा. यात नोंदींचा घोळ सापडतो. तबकडीवरील खराब जागा शोधायच्या असतील तर ‘चेकडिस्क’ हा आदेश ‘आर’ या पर्यायासह द्यावा लागतो. मोठ्या डिस्कला त्यात कित्येक तास लागतात, म्हणून हे काम रात्री लावावे.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदही ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्राममध्ये ती वाचता येते. खराब झालेल्या जागेऐवजी राखीव जागा किती वेळा वापरली, हा आकडा पाहा. तो वाढत चालला असेल तर नवी डिस्क घेण्याची वेळ आली आहे.

‘सारे ठीक’ म्हणजे हमी नव्हे

गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. पण निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’च्या चार प्रमुख आकड्यांत कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. नव्या संगणकांतील एसएसडीत फिरणारी तबकडीच नसते. त्यामुळे टकटकही होत नाही आणि ती अचानक बंद पडू शकते.

म्हणून तपासणी जरूर करा, पण तिच्यावर विसंबून राहू नका. महिन्यातून एक दिवस ठरवून फायलींची दुसरी प्रत काढा आणि ती संगणकापासून वेगळी ठेवा. डिस्क बाजारात पुन्हा विकत मिळते, तिच्यातले फोटो मिळत नाहीत.