मुलांचे दात, लाळ आणि दोन खाण्यांमधली उसंत

‘दुधाचेच दात ते, आज ना उद्या पडणारच,’ असे म्हणून लहान मुलांच्या किडलेल्या दातांकडे काणाडोळा करण्याची रीत अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात दुधाच्या दाढा मूल दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या तर जेवण, झोप आणि अभ्यास या साऱ्यांवर परिणाम होतो. अकाली काढाव्या लागल्या तर खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा आक्रसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगभरात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. या किडीला रोखणारी एक नैसर्गिक यंत्रणा प्रत्येक मुलाच्या तोंडात असते. ती म्हणजे लाळ. तिला आपले काम करण्यास पुरेसा वेळ मिळतो की नाही, यावर मुलांच्या दातांचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते.

कीड म्हणजे काय?

‘कीड’ या शब्दामुळे दातात एखादा किडा शिरतो, असा समज पूर्वापार चालत आला आहे. खरे कारण दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू हे आहे. ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ हा त्यांतील प्रमुख. खाल्लेल्या साखरेवर हे जिवाणू पोसतात आणि काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. दाताचे वरचे कवच, म्हणजेच इनॅमल, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. पण आम्लापुढे तोही टिकत नाही. आम्लता मोजण्याचे मान असलेला सामू साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. दुधाच्या दातांचे इनॅमल कायमच्या दातांपेक्षा पातळ असल्याने त्यांच्यातील कीड लवकर आत पोहोचते.

लाळेचे काम

लाळेत सुमारे ९९ टक्के पाणी असते. दातांच्या दृष्टीने मोल आहे ते उरलेल्या एका टक्क्याला. त्यातील बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडते, काही प्रथिने जिवाणूंना आवर घालतात, तर कॅल्शियम आणि फॉस्फेट इनॅमलची झालेली झीज भरून काढतात. अन्नाचे कण धुऊन नेण्याचे काम पाणी करते. नव्याने उगवलेल्या दाताचे कवच काहीसे कच्चे असते. तेही लाळेतील खनिजे घेऊन हळूहळू पक्के होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ या काळात विशेष जपावी लागते, ती यासाठीच.

साखर खाल्ल्यानंतर दातांवरील थराची आम्लता कशी वाढते आणि कशी ओसरते, हे अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात मोजून दाखवले. सामू काही मिनिटांत झपाट्याने खाली येतो आणि पूर्वपदावर येण्यास त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यानंतरच्या निवांत काळात झीज भरून निघते. मात्र मूल दर अर्ध्या तासाला बिस्किट, गोळी किंवा गोड पेयाचा घोट घेत राहिले, तर पहिले आम्ल निवळण्याआधीच दुसरे तयार होते. झीज चालूच राहते आणि भरपाईला सवड उरत नाही.

किती खाल्ले, की कितीदा?

या प्रश्नाचे उत्तर स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील प्रयोगांतून मिळाले. १९४५पासून काही वर्षे तेथील मानसिक अपंगांच्या संस्थेतील रहिवाशांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देण्यात आली. जेवणासोबत गोड घेणाऱ्यांच्या दातांची हानी मर्यादित राहिली. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र झपाट्याने किडले. असहाय माणसांवर त्यांच्या संमतीविना केलेले हे प्रयोग पुढे निंद्य ठरले. त्यांचा निष्कर्ष मात्र आजही दंतवैद्यकात मानला जातो.

गोव्यातील घरांनाही तो लागू पडतो. चतुर्थीतील नेवरी किंवा जत्रेतले खाजे मुलांना नाकारण्याचे कारण नाही. जेवणाबरोबर खाल्लेली नेवरी आणि डबा उघडा ठेवून दिवसभर तोडत राहिलेली नेवरी, यांत दातांच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. खाज्यासारखा गुळाचा चिकट पदार्थ तर दाढांच्या खाचांत बराच वेळ अडकून राहतो.

रात्र वैऱ्याची

झोपेत लाळेचा प्रवाह जवळजवळ थांबतो. त्यामुळे दुधाची किंवा गोड पाण्याची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे दात लवकर किडतात. अशा बाळांचे वरचे पुढचे दात आधी किडतात, तर खालचे बरेचदा शाबूत राहतात. खालच्या दातांवर जिभेचे आवरण असते आणि जिभेखालच्या लाळग्रंथी त्यांच्या अगदी जवळ असतात. लाळेचे संरक्षण किती मोलाचे आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही.

तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचे तोंड कोरडे पडते. ॲलर्जीवरील काही औषधांनीही लाळ कमी होते. दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरणे आणि गोड पातळ औषध रात्री दिल्यास त्यानंतर दात घासणे, ही साधी पथ्ये अशा मुलांसाठी महत्त्वाची आहेत. औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

तपासणी आणि पथ्य

लाळेचे प्रमाण, आम्ल निवळण्याची तिची क्षमता आणि तिच्यातील जिवाणूंची संख्या मोजणाऱ्या चाचण्या उपलब्ध आहेत. परंतु केवळ त्यांवरून कोणाचे दात किडणार, हे खात्रीने सांगता येत नाही. एखादा दात आधीच किडलेला असणे, हीच पुढील धोक्याची सर्वांत भरवशाची खूण मानली जाते. आई-वडिलांच्या तोंडातील जिवाणू लाळेवाटे बाळापर्यंत पोहोचतात. म्हणून मोठ्यांनी स्वतःच्या किडलेल्या दातांवर उपचार करून घेणे बाळाच्याही हिताचे असते.

पहिला दात येताच फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. त्यातील एक वेळ झोपण्यापूर्वीची असावी. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. लाळेतील खनिजे इनॅमलमध्ये परत बसण्यास फ्लोराइड मदत करते. दोन खाण्यांच्या मध्ये तहान लागल्यास साधे पाणी द्यावे. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याची एक भेट व्हावी.

महिन्यातून एकदा तरी पालकांनी मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडात दात पाहावेत. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर लाळ आणि फ्लोराइड मिळून झीज भरून काढू शकतात. एकदा खड्डा पडला की तो भरण्याची ताकद लाळेत नसते. मग दंतवैद्याच्या खुर्चीशिवाय पर्याय उरत नाही.