गिरणीतला मधला माणूस

गिरणी म्हटली की आपल्या पांढरपेशा घरांत दोनच गोष्टी आठवतात: भोंगा आणि संप. संपाची बातमी वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत येते. दारावरची सभा, मोर्चा, मागण्या, तडजोड हे सारे आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो. परंतु जो संप झालाच नाही, त्याची बातमी कोण छापणार? कुणाच्या पगारातून कापलेले रुपये परत मिळाले, कुणाचा चुकीने मांडलेला खाडा मस्टरातून खोडला गेला, कुणा बाईला पाळी बदलून मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी साचे नेहमीसारखे चालू राहिले, ही काही बातमी नव्हे. गिरणीतले रोजचे आयुष्य मात्र अशाच बिनबातमीच्या तडजोडींवर चालत असे. त्या करणाऱ्या माणसांविषयी थोडे लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. कारण तशा एका माणसाच्या घरात मी वाढलो.

माझे चुलते सोलापूरच्या एका गिरणीत विणकर होते आणि साचेखात्यातले युनियनचे प्रतिनिधीही होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू आणि सारे खातेही त्यांना अण्णाच म्हणे. गिरणीचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे तिथे घडे, ते थोड्याफार फरकाने सगळीकडेच घडत असे.

सोलापुरातली पहिली मोठी कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. तिचे कागदोपत्री नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि पहिलीला लोक 'जुनी मिल' म्हणू लागले. या गिरण्यांत तेलंगणातून आलेले पद्मशाली होते, कानडी मुलखातले होते, उर्दू बोलणारे मोमीन विणकर होते आणि आसपासच्या खेड्यांतले मराठी लोक तर होतेच. त्यामुळे गाऱ्हाणे तेलुगूत सुरू होई, मराठीत त्याची चर्चा होई आणि साहेबाच्या टेबलावर ते इंग्रजी अर्जाच्या रूपाने जाऊन पडे. या तीन भाषांच्या प्रवासात मूळ गोष्ट हरवू नये, हे प्रतिनिधीचे पहिले काम.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर माणसे येत. येणारा प्रत्येकजण रागातच असे. "अण्णा, त्या मुकादमाला एकदा धडा शिकवायला पाहिजे!" अशी सुरुवात व्हायची. अण्णा ऐकून घेत, चहा मागवत आणि मग विचारत, "तारीख कोणती? पाळी कोणती? साच्याचा नंबर काय? शेजारच्या साच्यावर कोण होते?" माझे अक्षर बरे म्हणून हे सारे वहीत उतरवण्याचे काम माझ्याकडे असे. पंधरा मिनिटांत मुकादम मागे पडे आणि एक हिशेब पुढे येई. राग खोटा असतो असे अण्णांना मुळीच वाटत नसे. रागाला उत्तर देणे मात्र साहेबाला सोपे जाते आणि तारखेला उत्तर देणे जड जाते, असे ते म्हणत.

एका प्रकरणाने मला हे सगळे काम नीट समजले. एका विणकराच्या पगारातून बिघडलेल्या कापडापोटी पैसे कापले होते. तुटलेल्या तारा वेळीच न जोडल्यामुळे माल खराब झाला, असा शेरा होता. १९३६ सालच्या पगारवाटप कायद्याने अशा कपातीला लगाम घातलेला होता. नुकसान कामगाराच्याच हयगयीमुळे झालेले असावे लागे, प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कापता येत नसे, आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडू द्यावे लागे. अण्णांना हे कलम पाठ होते. तरीही ते कलम घेऊन साहेबाकडे गेले नाहीत. त्यांनी आधी दोन दिवस खात्यात चौकशी केली. तेव्हा आणखी तिघांच्या साच्यांवर त्याच आठवड्यात तारा तुटल्याचे कळले. चौघांचेही ताणे एकाच दिवशी खळ देऊन आले होते. म्हणजे दोष विणकराच्या हातात नव्हता, खळीत होता.

आता पुढची खुबी पाहा. हे सांगायला अण्णा थेट मॅनेजरकडे गेले असते, तर विव्हिंग मास्तरची मान खाली गेली असती. मग मास्तरने हट्टाने विणकरालाच दोषी धरले असते. म्हणून ते आधी मास्तरकडे गेले. चार साच्यांचे नंबर त्याच्यापुढे ठेवले आणि एवढेच म्हणाले, "मास्तर, हा माल तुमच्या खात्याच्या नावावर मोडतोय. खळखात्याकडे एकदा बघता का?" मास्तरने पाहिले. मग मास्तरनेच वर चिठ्ठी लिहिली. पुढच्या पगारात चौघांचेही पैसे परत आले. कुणी कुणाची माफी मागितली नाही, कुणी विजयाची सभाही घेतली नाही. विणकराला पैसे हवे होते, मास्तरला अब्रू हवी होती. दोघांना आपापले मिळाले.

प्रत्येक गाऱ्हाणे खरे असेच असे नाही. रात्रपाळीत झोपलेला माणूस 'मला मुद्दाम अडकवले' म्हणून येई. त्याची खरडपट्टी अण्णा घरात काढत, तीही अशी की आम्ही मुले माजघरात पळून जात असू. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्याचसाठी ते साहेबापुढे उभे राहत: पहिलीच चूक आहे, कामावरून काढू नका, ताकीद द्या. खोटे प्रकरण खरे म्हणून नेले की पुढची दहा खरी प्रकरणे पडतात, याची त्यांना पक्की जाण होती. साहेबाने त्यांच्या शब्दाला किंमत द्यावी, हेच त्यांचे भांडवल होते आणि ते त्यांनी जपून वापरले.

या बोलण्यांना कायद्याचा आधार होता. १९४६ सालच्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यताप्राप्त युनियनच्या माणसांना गिरणीच्या आवारात सभासदांशी बोलण्याचा, फलक लावण्याचा, मालकाला भेटून गाऱ्हाणी मांडण्याचा आणि गरज पडल्यास कामाची जागा पाहण्याचा हक्क दिला. स्थायी आदेशांखाली दिलेला हुकूम एखाद्याला अन्यायाचा वाटला, तर कामगार न्यायालयात जाण्यापूर्वी आधी मालकाकडेच लेखी अर्ज करावा लागे. गिरणीच्या भाषेत याला 'अ‍ॅप्रोच' म्हणत. अर्ज पोचल्यापासून १५ दिवस समझोत्यासाठी. भांडणाआधी एकदा समोरासमोर बसा, असे कायद्यानेच सांगितले होते.

पण याच कायद्याची दुसरी बाजूही आमच्या ओसरीने पाहिली. एका बदली कामगाराचे नाव अचानक कमी झाले. तो पूर्वी दुसऱ्या झेंड्याखाली होता, म्हणून युनियनच्या कचेरीत त्याचे ऐकायला कुणी उत्सुक नव्हते. त्याची स्वतःची युनियन बोलायला तयार होती, पण कायद्याने तिला त्या टेबलाशी खुर्चीच दिलेली नव्हती. स्वतःच्या नावाने अर्ज करायला त्याला मोकळीक होती, हे त्याला कुणी सांगितले नाही. मुकादम म्हणे, "पुढच्या महिन्यात घेतो." असे महिने गेले. तो अण्णांकडे आला तेव्हा अर्जाची मुदत संपली होती. अण्णांनी साहेबापुढे रदबदली केली. साहेबाने मुदतीवर बोट ठेवले. त्या माणसाला दोन मुली होत्या. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. नंतर ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिला प्रश्न झेंड्याचा न विचारता तारखेचाच विचारू लागले. त्यावरून त्यांना युनियनच्या कचेरीत बोल लागला, तो त्यांनी सोसला.

एका उद्योगात, एका गावात, बोलण्याचा अधिकार एकाच प्रातिनिधिक युनियनला, ही त्या कायद्याची मांडणी. हेतू चांगला होता: दहा तोंडे दहा दिशांना बोलू नयेत. पण कामगारांचे मन एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे असे झाले म्हणजे काय होते, हे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपाने दाखवले. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले. कायद्याने बोलायचा अधिकार मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ज्यांच्याशी कामगारांनी बोलायला सांगितले त्यांच्याशी मालक बोलेनात, आणि ज्यांच्याशी मालक बोलत त्यांचे कामगार ऐकेनात. मधला माणूसच नाहीसा झाला की भांडण किती लांबते, याचे याहून दुःखद उदाहरण आपल्याकडे नाही.

आणखी एक मर्यादा सोलापूरने त्याच्याही आधी पाहिली होती. १९४९ साली जुनी मिल बंद पडली. कारण कामगारांचे भांडण नव्हते. कारभारच बिघडला होता. हजारो घरांच्या चुली अडल्या. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला आणि मागोमाग तसा कायदाही केला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला तो एक भागधारक. चिरंजीत लाल चौधरी यांचा हा १९५० सालचा खटला आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. त्यात भागधारकाच्या हक्कांची बारीक चर्चा आहे. कामगार मात्र वटहुकुमामागचे एक कारण, 'बेकारी', एवढ्यापुरताच येतो. कापलेल्या पगाराचा जाब विचारायला जागा होती. कंपनी कशी चालवता, हे विचारायला नव्हती.

त्यानंतर एकेक करून त्या साऱ्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबले. सोलापूरचे कापड मात्र थांबले नाही. चादरी आणि टॉवेल आज यंत्रमागांच्या लहान लहान कारखान्यांत विणले जातात. बायका घरोघर विड्या वळतात. कारखान्यात नेलेल्या विड्यांतून तपासनीस 'छाट' काढतो आणि तेवढी मजुरी बुडते. छाट किती काढावी याला १९६६ सालच्या विडी कामगार कायद्याखालील नियमांनी बंधन घातले होते. पण सुपात विड्या घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या वतीने ते बंधन मोजायला तिथे कोणी हजर हवे ना? २०२० सालच्या औद्योगिक संबंध संहितेत २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती सांगितली आहे. तीत मालकाचे आणि कामगारांचे सभासद समसमान, स्त्रियांनाही जागा, आणि निकाल ३० दिवसांत. आठ-दहा माणसांच्या यंत्रमाग कारखान्याला ही समिती लागू होतच नाही. तिथे मालक आणि कामगार एकाच गल्लीत राहतात, रोज एकमेकांना पाहतात, आणि तरीही त्यांच्या मधे बसणारे कोणी नसते.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यांत भाषणे नाहीत, घोषणा नाहीत. पानेच्या पाने तारखा, साच्यांचे नंबर, कापलेली रक्कम, परत आलेली रक्कम. काही ओळींपुढे शेवटचा रकाना कोराच आहे. त्या बदली कामगाराच्या ओळीपुढेही तो कोराच आहे. तिथे अण्णांनी आपल्या वाकड्या हाताने फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवला आहे. दर दिवाळीला त्या पत्त्यावर आमच्या घरून फराळाचा डबा जात असे.